अपडेटने बदललेले आवाज परत मिळावेत

प्रति,
ग्राहक साहाय्य विभाग आणि उत्पादन प्रमुख

विषय : सॉफ्टवेअर सिंथेसायझरच्या ताज्या अपडेटनंतर साठवलेले प्रिसेट आणि जुनी सेशन वेगळी वाजत असल्याबाबत तक्रार

महोदय / महोदया,

आपला नवा सॉफ्टवेअर सिंथेसायझर बाजारात आला तेव्हापासून मी वापरतो आहे. चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांच्यासाठी साउंड डिझाइन करणे हा माझा व्यवसाय आहे. ताजे अपडेट बसवल्यापासून मी आधी तयार करून साठवलेले आवाज (प्रिसेट) आणि जुन्या कामांच्या प्रकल्प-फाइली (सेशन) पूर्वीसारखे वाजत नाहीत. हे मी कळवले तेव्हा आपल्याकडून उत्तर आले की इंजिन सुधारल्यामुळे आवाज आता अधिक चांगला झाला आहे. माझी तक्रार या उत्तराबद्दल जास्त आहे. मी आपल्याला चांगला आवाज मागितला नव्हता, माझा आवाज मागितला होता.

आधी वाद्याविषयी, कारण ते टाकाऊ असते तर एवढे लिहायचे कष्ट घेतले नसते. वेव्हटेबलची (लाटांच्या आकारांच्या तक्त्याची) कोणतीही फ्रेम थेट ग्रॅन्युलर (आवाजाचे बारीक कण करून वाजवणाऱ्या) इंजिनात टाकून तिचे कण पाडता येतात, ही सोय इतक्या सरळपणे मला दुसरीकडे मिळालेली नाही. एकामागोमाग वाजणाऱ्या कणांची लांबी शंभर मिलिसेकंदांवरून उतरवत दोन-तीन मिलिसेकंदांवर आणली की खरबरीत पोत विरघळून त्यातून स्वर उभा राहतो. ती चढण एकाच नॉबवर हाताने घेता येते. एखादे यंत्र बंद पडतानाचा आवाज किंवा पडद्यावर न दिसणाऱ्या गोष्टीची चाहूल उभी करायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. गेमसाठी काम करणारी माझी एक सहकारी तर केवळ या एका नॉबसाठी आपला सिंथ उघडते.

इतर वादकांची मतेही कळवतो, कारण आपल्या जाहिरातीत वादकांचा उल्लेख फार आहे. पार्श्वसंगीत करणाऱ्या एका मित्राला कारखान्यातून येणारे प्रिसेट आवडत नाहीत. सगळे रीव्हर्बमध्ये (घुमाऱ्यात) बुडवलेले आहेत आणि रीव्हर्ब बंद केला की खाली फारसे काही उरत नाही, असे तो म्हणतो. मला ते पटते, पण ही तक्रार नाही. प्रिसेट दुकानाच्या काचेत मांडायचे असतात. प्रत्येक बोटाचा पिच बेंड वेगळा घेणाऱ्या एमपीई कीबोर्डवर आपले वाद्य उत्तम चालते, याबद्दल मात्र सगळ्यांचे एकमत आहे.

आता मूळ गोष्ट. एका चित्रपटातल्या दीर्घ प्रसंगाखाली मी आपल्या सिंथवर केलेला ड्रोन (सलग चालणारा लांब स्वर) होता. दिग्दर्शकाने तो ऐकून मान्य केला होता. पुढे संकलनात प्रसंग थोडा लांबला आणि ड्रोनही तेवढाच लांबवायचा, एवढेच काम उरले. सेशन उघडले, स्वर ओढून लांब केला, वाजवला. खालचा भरीवपणा गेला होता आणि वर एक बारीक शिट्टी आली होती जी आधी कधीच नव्हती. मी एकाही नॉबला हात लावला नव्हता. मधल्या काळात बदलले होते ते फक्त आपले प्लगइन, म्हणजे हा सिंथ.

ऐकण्यात भास होऊ शकतो, म्हणून नल टेस्ट केली. जुना मान्य झालेला रेंडर (तयार ध्वनिफाइल) माझ्याकडे होताच. आता त्याच सेशनमधून तेवढाच तुकडा पुन्हा रेंडर केला, एकाचा फेज उलटवला (लाट वरची खाली केली) आणि दोन्ही एकत्र वाजवले. दोन्ही सारखे असते तर शांतता मिळायला हवी होती. या पॅचमध्ये ऑसिलेटरचा रँडम फेज, नॉइज आणि कोरस तिन्ही पहिल्यापासून बंद आहेत, त्यामुळे नशिबावर अवलंबून असे काही नव्हते. तरीही जे उरले ते मूळ आवाजापेक्षा काही डेसिबलच खाली होते. म्हणजे जवळजवळ दुसराच आवाज.

शिट्टीचे कारण सापडले. आधी सिंथचे ओव्हरसॅम्पलिंग (आतला हिशेब सेशनच्या दराच्या किती पट वेगाने होतो ते) मुळात चौपट असायचे, अपडेटनंतर ते दुप्पट झाले आहे. माझा ड्रोन एफएमवर (एका लाटेने दुसरीची वारंवारता हलवण्यावर) उभा आहे आणि एफएममध्ये वरचे घटक बघता बघता फार उंच जातात. ४८ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये चौपट म्हणजे आत १९२ किलोहर्ट्झचा दर, त्यात ८० किलोहर्ट्झचा घटक आपल्या जागी राहतो आणि खाली उतरताना गाळला जातो. दुप्पट केले की दर ९६ होतो, त्यात निम्म्याच्या म्हणजे ४८ च्या वरचे मावत नाही, आणि तोच घटक दुमडून १६ किलोहर्ट्झवर येऊन बसतो, म्हणजे थेट कानात. ओव्हरसॅम्पलिंग पुन्हा चौपट केल्यावर शिट्टी गेली. पण ही निवड आपण सेशनमध्ये साठवतच नाही! त्यामुळे जुने प्रत्येक सेशन उघडताना ती हाताने बदलावी लागते, आणि एखाद्यात विसरली तर ते तसेच पुढे मिक्सिंगला जाते.

भरीवपणाचे मात्र काही करता आले नाही. फिल्टरच्या रेझोनन्सचा (कटऑफजवळच्या उठावाचा) चढ बदललेला आहे; जुन्या फिल्टरमध्ये रेझोनन्स वाढवला तरी खालचा भाग टिकून राहायचा, नव्यात तो पातळ होतो. कटऑफ, रेझोनन्स, ड्राइव्ह यांचे आकडे पडद्यावर तेच आहेत. त्या आकड्यांमागचा अर्थ बदलला, आणि तो पूर्वपदावर आणणारे बटण कुठेही नाही. आपल्या अपडेटच्या टिपणात या सगळ्याबद्दल एकच ओळ आहे : कार्यक्षमता सुधारली. प्रोसेसरवरचा भार उतरला हे खरे, पण तो कशाच्या बदल्यात उतरला हे लिहायला आणखी एक ओळ पुरली असती.

तंत्राच्या भाषेत सांगायचे तर आपण प्लगइनचा ओळख-क्रमांक तोच ठेवला आणि आतले इंजिन बदलले. जुने सेशन तो क्रमांक शोधते, त्याला तो सापडतो, आणि ते कसलीही सूचना न देता नव्या इंजिनावर वाजू लागते. क्रमांक बदलला असता तर निदान प्लगइन सापडत नाही अशी खिडकी उघडली असती. तिने त्रास झाला असता, पण फसवणूक झाली नसती. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने २०१९ मध्ये मॅसिव्ह एक्स हा सिंथ आणला तो जुन्या मॅसिव्हच्या शेजारी, वेगळे वाद्य म्हणून. एक्सफर रेकॉर्ड्सचा सीरम २ हा सिंथ देखील २०२५ मध्ये आला तेव्हा पहिल्या सीरमवर केलेली सेशन पहिल्या सीरमवरच उघडत राहिली. हा शिष्टाचार या धंद्यात रुळलेला आहे, आपल्याला तो नव्याने शोधायचा नाही.

आणखी मागे जाऊन पाहा. यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३ मध्ये आला. त्याच्या ३२ आवाजांची अख्खी बँक ४०९६ बाइटमध्ये मावते आणि त्या काळात केलेल्या बँका लोक आजही उघडून वाजवतात. त्या वाद्याचे डिजिटल-टू-अ‍ॅनलॉग रूपांतर आजच्या मानाने ओबडधोबड होते. पण कोणाच्या घरातला डीएक्स-७ रातोरात सुधारला नाही, म्हणून त्यावरचे आवाज ओळखीचे राहिले. आपल्या वाद्याचा प्रिसेट त्या अख्ख्या बँकेच्या कितीतरी पट मोठा आहे आणि तरी तो कोणत्या आवृत्तीत तयार झाला हे त्यात नोंदलेले नाही.

दुसरा दोष अपडेटच्या आधीपासूनचा आहे, नल टेस्ट करताना तो लक्षात आला. आपल्या सिंथमधले मॉड्युलेशन (आवाजाला वेळेनुसार हलवणारे बदल) दर बफरला, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो त्या नमुन्यांच्या गठ्ठ्याला, एकदाच मोजले जाते. ४८ किलोहर्ट्झवर ६४ नमुन्यांचा बफर म्हणजे सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास, तिथे काही कळत नाही. बफर १०२४ केला की तो २१ मिलिसेकंदांचा होतो. पाच मिलिसेकंदांचा अटॅक (आवाजाचा सुरुवातीचा चढ) त्यात सबंध गिळला जातो. सेकंदाला २० फेऱ्या घेणारा एलएफओ (आवाज हलवणारी संथ लाट) एका फेरीला ५० मिलिसेकंद घेतो, म्हणजे त्याच्या गोल लाटेला दोन-तीनच पायऱ्या मिळतात. वाजवताना आपण छोटा बफर ठेवतो, मिक्सिंगच्या वेळी मोठा. म्हणजे तयार केलेला आवाज एक, मिक्सला मिळालेला दुसरा, आणि ऑफलाइन रेंडरमध्ये कदाचित तिसरा. बारीक टकटक किंवा किड्यांची किरकिर बनवणाऱ्याचे सगळे काम त्या पाच मिलिसेकंदांत असते. बफरवर आवाज अवलंबून असणे ही चवीची बाब नाही, उघड चूक आहे. ती दुरुस्त करताना जुने आवाज पुन्हा बदलतील हे मला कळते, म्हणूनच आवृत्तीची नोंद आधी हवी.

स्वरजुळणीचेही तेच. आपला सिंथ स्काला फाइल (स्वरांची मापे लिहिलेली फाइल) उघडतो, ही फार चांगली गोष्ट. पण प्रिसेटमध्ये स्वरांची मापे न साठवता फक्त फाइलचा पत्ता साठवला जातो. दुसऱ्या संगणकावर ती फाइल नसेल तर वाद्य गुपचूप बारा समान भागांवर जाते. षड्जाशी ५:४ नात्यातला गंधार ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे त्या बारा समान भागांतल्या एकाचा शंभरावा हिस्सा) असतो, समान विभागणीतला ४०० वर. चौदा सेंटचा हा फरक लांब ओढलेल्या पॅडमध्ये लपत नाही, तो थरथरतो.

हे सगळे माझ्या एकट्याचे रडगाणे वाटू नये म्हणून विरुद्ध मतही नोंदवतो. मंचावर वाजवणारा एक कीबोर्डवादक मित्र या अपडेटवर खूश आहे. पूर्वी दाट पॅचमध्ये त्याचा लॅपटॉप अडखळायचा, आता अडखळत नाही, आणि मंचावर १६ किलोहर्ट्झची शिट्टी कोण ऐकतो, असे तो विचारतो. नवा फिल्टर त्याला जास्त धारदार आणि मिक्समधून वर येणारा वाटतो. त्याच्या कामासाठी तो बरोबर आहे. त्याला नवा फिल्टर मिळावाच. तो निवडीच्या यादीत जुन्याखाली दुसऱ्या नावाने ठेवला असता तर आम्हा दोघांचेही भागले असते, आणि हे पत्रही लिहावे लागले नसते.

आपल्या साहाय्य विभागाशी झालेल्या पत्रव्यवहाराबद्दल थोडक्यात. आधी प्लगइन काढून पुन्हा बसवायला सांगितले, मग ग्राफिक्सचे ड्रायव्हर अद्ययावत करायला. नंतर स्क्रीनशॉट मागवला. आवाज बदलल्याच्या तक्रारीसाठी स्क्रीनशॉट! दोन्ही रेंडर मी पाठवले होते, ते कोणी ऐकले असे एकाही उत्तरातून दिसले नाही. शेवटी जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर मागितला, तर ती आवृत्ती आता उपलब्ध नाही असे कळवण्यात आले. तो ड्रोन मी अखेर जुन्याच रेंडरचे तुकडे जोडून लांबवला. प्रसंग पार पडला, पण जोड कुठे आहे ते मला दर वेळी ऐकू येते.

परवाना तपासणीविषयीही बोलायला हवे. काही काळ इंटरनेट नसले की आपले प्लगइन आवाजात मधूनमधून खरखर मिसळते. अनेक ध्वनिमुद्रण कक्षांतले संगणक मुद्दाम इंटरनेटपासून दूर ठेवलेले असतात. शिवाय इंटरनेट जोडला की अपडेट आपोआप उतरते आणि ते थांबवायची सोय सेटिंगमध्ये नाही. म्हणजे जोडले तर आवाज बदलतो, न जोडले तर खरखर.

माझ्या मागण्या अशा. अपडेटच्या आधीची आवृत्ती परवानाधारकांना लगेच उतरवून घेता यावी आणि ती नव्या आवृत्तीसोबत एकाच संगणकावर चालावी. जुना फिल्टर निवडीच्या यादीत परत यावा आणि जुने प्रिसेट आपोआप तोच फिल्टर उचलावेत. ओव्हरसॅम्पलिंगची निवड, स्वरजुळणीची मापे आणि इंजिनाची आवृत्ती या तिन्ही गोष्टी प्रिसेटमध्ये आणि सेशनमध्ये साठवल्या जाव्यात. आपोआप होणारे अपडेट बंद करता यावे. बफरचा दोष कधी दुरुस्त होणार ते कळवावे. त्याला वेळ लागणार असेल तर लागू दे, पण तोवर निदान माहितीपुस्तिकेत तो दोष म्हणून लिहा. आणि यापुढे ज्या बदलाने आवाज बदलतो तो अपडेटच्या टिपणात तशाच शब्दांत सांगितला जावा.

यातली पहिली मागणी पूर्ण करायला नवे काहीच बनवावे लागत नाही, फाइल आपल्याकडे असणारच. तिच्याबद्दल १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे, आणि ते आवाज ऐकणाऱ्या माणसाकडून यावे. ती आवृत्ती देणे शक्य नसेल तर माझा परवाना रद्द करून पूर्ण रक्कम परत करावी.

दोन्ही रेंडर, नल टेस्टमध्ये उरलेला आवाज, ड्रोनचा प्रिसेट आणि तीन वेगवेगळ्या बफरवरचे रेंडर या पत्रासोबत पुन्हा जोडले आहेत. ऐकताना हेडफोन वापरावेत, लॅपटॉपच्या स्पीकरवर खालचा भाग मुळातच ऐकू येत नाही.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक
(परवाना क्रमांक आपल्याकडील ग्राहक खात्यात नोंदलेला आहे)