पेट्रोल माडीवर न्यायचं की खाली ठेवायचं?

गावभाग, सांगली
जुलैचा दुसरा आठवडा

प्रिय सुध्या,

तब्येत बरी, शुगर आहे तिथंच आहे, आई ठणठणीत. आता मुद्द्याचं.

पाऊस लागलाय आणि कोयनेच्या बातम्या सुरू झाल्यात. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फूट व्हायच्या आत खालचं सामान माडीवर, हा आपल्या गल्लीचा शिरस्ता. २०१९ नंतर तर कुणी तेवढी वाटही बघत नाही. म्हणून जिन्याखालची खोली काढायला घेतली. हळदीची पोती, बाबांची ट्रंक, तू मोडलेला कॅरम (तूच मोडलास), आणि मागं ताडपत्रीखाली २० लिटरचा निळा पत्र्याचा डबा अन् पेट्रोलनं भरलेले पाण्याचे दोन जार. डब्याचं बूच जरा सैल केलं आणि लेका, तो वास! गोडसर, थेट टाळूला भिडणारा. मंगलला म्हटलं, किती छान वास येतोय बघ. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढं बोललोच नाही. म्हणून तुला लिहितोय.

आमच्या चिरंजीवांचे उद्योग. ओंकारनं पोलो गाडीचा मॅप, म्हणजे इंजिनाचं सेटिंग, शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलवर करून घेतलाय. तसलं पेट्रोल पुण्याहून आणतो, जारमधून, डिकीत घालून, भर उन्हात खंबाटकी उतरून. निळा डबा कुणा मित्रानं तुमच्या कोइमतूरच्या ट्रॅकवरून उरलेला आणून दिलाय. म्हणे, "बाबा, रेस फ्युएल आहे, फुकट मिळालं."

पोरगं हिशेबाला पक्कं आहे हो. वही ठेवलीय. ९५ ऑक्टेनचं ३० लिटर, त्यात डब्यातलं ११० चं ५ लिटर, भागिले ३५, आलं ९७.१. मी म्हटलं, राजा, एवढी खटपट करून दोनच आकडे वर गेलास. आणि डब्यावरचं ११० अमेरिकन पद्धतीचं, म्हणजे रॉन आणि मॉन या ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींची सरासरी. आपल्या पंपावरचा आकडा नुसता रॉन. एकाच पेट्रोलला अमेरिकन आकडा चार-पाचानं कमी दिसतो, दोन्ही एका बेरजेत घालशील तर उत्तर चुकणारच. गप झाला. मग म्हणाला, म्हणजे मला वाटलं त्यापेक्षा चांगलंच निघालं की! आता याला काय बोलणार? ऑक्टेन वाढलं म्हणून ताकद वाढत नाही, ठिणगीचं टायमिंग पुढं घेतलं, टर्बोचा बूस्ट वाढवला तर ते नॉक (पेट्रोल आपोआप पेटून इंजिनात ठोके) होऊ देत नाही एवढंच, हे त्याला माझ्याइतकंच कळतं. मिक्सिंगमध्ये दशांशापर्यंत काटेकोर, आणि ठेवायला मात्र पाण्याचे जार! एकाची कड पिवळी पडून फुगलीय. पंपावर जार डिकीतच ठेवून भरून घेतो. खाली जमिनीवर ठेव, नोझल तोंडाला टेकवून धर, डिकीतल्या कारपेटवर स्टॅटिकची ठिणगी पडते, हे सांगितलं तर "काही होत नाही". कायद्याचंही सांगून झालं: विकायचं नसेल तर ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण घट्ट बुचाचा पत्र्याचा डबा, तोही २५ लिटरच्या आतला. आपल्याकडं सगळं मिळून ४० च्या घरात निघालं.

तू हसत असशील, कोण कुणाला सांगतोय म्हणून. आरएक्स बाइकचा ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिक्स घालायची अक्कल तुझी होती, आणि चाळीस पेट्रोलला एक ऑइल हे प्रमाणही तुझंच. मी वीसला एक म्हणत होतो. माधवनगर रोडला इंजिन जाम होऊन सीज झाली ती तुझ्या प्रमाणानं. अजून कार्ब्युरेटरच्या मेन जेटवर ढकलतोस, ढकल.

तर अडचण अशी. डबा वर न्यावा तर वर आई झोपते, देवघर वर, समई वर, पूर आला की शेगडीही वरच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जिन्यावरून पाण्यासारखी खाली उतरते, कुठं विझवत बसणार? खाली ठेवावा तर पाणी आल्यावर तरंगणार, कुठंतरी आपटून फुटला तर पेट्रोल पाण्यावर पसरत गल्लीभर, आणि लाइट गेल्यावर दारोदार लोक मेणबत्त्या घेऊन उभे. गटारात ओतायचं तर तेही कृष्णेतच जाणार. कुपवाडच्या गॅरेजवाल्याला विचारलं, तो म्हणाला, काका, इथं दिवसभर वेल्डिंग चालतं.

जारमधलं आज सकाळी अंगणात, गाडी थंड असताना, टाकीत ओतून टाकलं. ते पंपाचंच, त्याची काळजी नाही. निळा डबाही टाकीत संपवला असता. पण लेबल अर्धं फाटलंय आणि त्यात शिसं आहे की नाही ते कळेना. आपल्या पंपांवर शिसं २००० पासून बंद, पण रेसच्या काही पेट्रोलांत अजून असतं. असलं तर कॅट (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कन्व्हर्टर) गेला, ऑक्सिजन सेन्सर गेला. ओंकार म्हणतो, रंगावरून कळतं. डोंबल. रंग काय, कंपनी घालेल तो. इथेनॉलचं तेवढं बघितलं: काचेच्या नळीत १० मिलि पाणी, वर ९० मिलि ते पेट्रोल, हलवून ठेवलं. पाण्याची रेघ दहावरच राहिली. मग पंपाचं साधं ई-२०, वीस टक्के इथेनॉलचं, घेतलं, तर रेघ पंचवीसच्या वर चढली, इथेनॉल सगळं पाण्याला जाऊन मिळालं. ओंकार तोंड उघडं टाकून बघत होता. तुझ्या भावाचा ऊस शेवटी माझ्याच नळीत आला बघ. बिल मिळालं का त्याला?

पण शिसं असं घरात बघता येत नाही. तू रविवारी ट्रॅकवर जातोसच. फाटक्या लेबलाचा आणि बुडाच्या बॅच नंबरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकलाय, तिथल्या पेट्रोल देणाऱ्याला विचार. शिसं नसेल तर दोन टाक्यांत संपवतो. असेल तर परत न्यायला तो मित्र तयार आहे का, तेही बघ. त्याचा नंबर ओंकारकडून काढून देतो. तोवर डबा अंगणात, पेरूखाली सावलीत, पत्रा झाकून. आईला सांगितलंय रॉकेल आहे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? श्रुतीची ॲडमिशन झाली म्हणे, पेढे पाठव.

ओंकारला परस्पर फोन करू नकोस, चुगली केली म्हणेल. आणि पाणी ३५ फुटांवर जायच्या आत कळव.

तुझा,
विजा