कॅडेटचा गौरव : बातमीत राहून गेलेले

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या फलटण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या एनसीसी (राष्ट्रीय छात्र सेना) कॅडेट मुलीचा नेतृत्व आणि समाजसेवेबद्दल गौरव झाल्याची सचित्र बातमी आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर वाचून आनंद झाला. मात्र बातमी दोनदा वाचूनही या मुलीने नेमके काय केले, हे समजले नाही. व्यासपीठावरील मान्यवरांची नावे पदांसह अकरा ओळींत आली होती. जिच्यासाठी समारंभ झाला त्या कॅडेटच्या वाट्याला दीड ओळ आणि त्यातही ‘उल्लेखनीय कार्य’ एवढे दोनच शब्द. कार्य उल्लेखनीय होते, तर त्याचा उल्लेख करायला काय हरकत होती?

मी या मुलीला काम करताना पाहिले आहे, म्हणून हे पत्र. गेल्या आषाढी वारीत माउलींचा सोहळा तरडगावहून फलटणकडे निघालेला असताना तिच्या शाळेचे कॅडेट रस्त्याच्या कडेला पाणीवाटप करीत होते. तेवढ्यात दिंडी चुकलेल्या एक आजी रडत तेथे आल्या. आम्ही मोठी माणसे तत्परतेने पुढे सरसावलो. आजी मागे पडल्या असणार असे गृहीत धरून त्यांना एखाद्या गाडीने पुढे फलटणला पोहोचवावे, असे ठरतही आले होते. ही मुलगी मात्र आजींजवळ उकिडवी बसली आणि तिने एकच प्रश्न विचारला, “आजी, दिंडी रथापुढची का रथामागची?” आजी म्हणाल्या, “मागची गं बाई.” प्रत्येक दिंडीची जागा रथापुढे किंवा रथामागे क्रमांकाने ठरलेली असते, आणि आपल्या दिंडीचा क्रमांकही त्यांना पाठ होता. माउलींचा रथ त्या ठिकाणाहून अजून जायचा होता. म्हणजे आजी मागे पडल्या नव्हत्या, तर भलत्याच दिंडीबरोबर चालत पुढे निघून आल्या होत्या, आणि आम्ही त्यांना आणखी पुढे धाडायला निघालो होतो!

तिने आजींना झाडाच्या सावलीत बसवले, एका कॅडेटला त्यांच्याजवळ ठेवले, दोघांना दिंड्यांच्या फलकांवरील क्रमांक वाचायला रस्त्याच्या कडेला उभे केले आणि उरलेल्यांची रांग नव्याने लावून पाणीवाटप चालू ठेवले. रथ गेल्यानंतर बऱ्याच वेळाने ती दिंडी आली आणि आजी आपल्या माणसांत मिसळल्या. या सगळ्यात त्या मुलीचा आवाज एकदाही चढला नाही. (आमचे चढले होते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.)

नेतृत्व या शब्दाचा अर्थ मला विचाराल तर मी एवढेच सांगेन. गणवेश, बेरेटवरचा लाल तुरा आणि ब्रासो लावून चकाकवलेले बक्कल छायाचित्रात उठून दिसतात, पण प्रश्न योग्य विचारणे आणि हाताखालच्या मुलांना नेमून दिलेल्या जागी उभे करणे ही सवय छायाचित्रात येत नाही. ती दोन वर्षांच्या परेडमधून, दहा दिवसांच्या शिबिरातून, दुसऱ्याच्या ताटाची काळजी घेऊन मग स्वतः जेवायला बसण्यातून लागते. शालेय गटाच्या ‘ए’ प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात कवायत, नकाशावाचन आणि शस्त्रप्रशिक्षण यांच्या जोडीला समाजसेवा हा विषय आहे तो उगीच नव्हे.

ही सवय लावणारा माणूस शाळेतच असावा लागतो, आणि पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीनंतर 1948 मध्ये कायदा होऊन एनसीसी सुरू झाली, तेव्हा कॅडेटची संख्या 20 हजार होती. 2024 मध्ये तीन लाख जागांच्या वाढीला मंजुरी मिळाल्यानंतर मंजूर संख्या 20 लाखांवर गेली आहे. माजी सैनिकांना प्रशिक्षक म्हणून घेण्याचाही त्या निर्णयात समावेश आहे आणि तो स्वागतार्ह आहे. पण बटालियनचे प्रशिक्षक परेडच्या दिवशी येतात आणि जातात. उरलेले दिवस मुले ज्याच्या हाती असतात तो सहयोगी एनसीसी अधिकारी, म्हणजे आपण ज्याला एएनओ म्हणतो, हा त्याच शाळेतला एखादा गणिताचा किंवा मराठीचा शिक्षक असतो. त्याला कामठीच्या, तर शिक्षिकेला ग्वाल्हेरच्या अकादमीत प्रशिक्षण घ्यावे लागते. तेवढा काळ शाळेतले त्याचे तास दुसऱ्यांनी घ्यायचे, घरच्यांनी त्याच्यावाचून निभवायचे आणि परत आल्यावर रविवारही मुलांना द्यायचा. हे सगळे करायला तरुण शिक्षक सहज तयार होत नाहीत, आणि त्यांना दोष देणेही मला योग्य वाटत नाही, कारण शाळाबाह्य कामांचा बोजा त्यांच्यावर आधीच भरपूर आहे.

मी स्वतः बावीस वर्षे एका शाळेत हे काम केले. निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून मी संस्थेला लेखी कळवत होतो, की माझ्या जागी एखाद्याला आताच प्रशिक्षणाला पाठवा. ‘बघू’ या उत्तरापलीकडे गाडी गेली नाही. मी निवृत्त झाल्यावर काही काळ काळजीवाहू शिक्षकावर ट्रूप (शाळेचे एनसीसी पथक) ओढला गेला, मग नवी भरती थांबली, आणि आज त्या शाळेत गणवेश ठेवण्याच्या खोलीत जुनी बाके रचलेली आहेत. गौरव होऊ शकला असता अशी किती मुले त्या खोलीबाहेर राहिली, ते मोजायला कोणी नाही.

म्हणून आपल्या मार्फत दोन विनंत्या. कॅडेटच्या गौरवाची बातमी देताना मान्यवरांच्या चार ओळी कमी कराव्यात, त्या जागी तिने काय केले ते छापावे आणि तिच्या एएनओचे नावही द्यावे. दुसरी विनंती शिक्षणसंस्थांच्या चालकांना आहे. ज्यांचा एएनओ येत्या तीन वर्षांत निवृत्त होणार आहे, त्यांनी पुढच्या शिक्षकाचे किंवा शिक्षिकेचे नाव आत्ताच निश्चित करून बटालियनला कळवावे, आणि प्रशिक्षणाच्या काळातले त्यांचे तास कोण घेणार हे वेळापत्रक करतानाच ठरवून टाकावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक व सहयोगी एनसीसी अधिकारी,
ता. फलटण, जि. सातारा