सूचना : संगणकावरचा फ्लॅश प्लेअर काढून टाकण्याबाबत

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, ज्यांच्या जुन्या संगणकावर अजून ॲडोबी फ्लॅश प्लेअर (ब्राउझरमध्ये गेम, व्हिडिओ, ॲनिमेशन चालवणारा जुना प्रोग्राम) आहे त्यांनी तो या आठवड्यात काढून टाकावा. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याला रामराम ठोकला. त्यानंतर एकही सुरक्षा दुरुस्ती आलेली नाही.

“माझं तर नीट चालतंय” हे उत्तर अपेक्षितच आहे, म्हणून थोडं खुलाशाने. फ्लॅशमधले बरेच दोष मेमरीचे होते. प्लेअर मेमरीचा एखादा तुकडा मोकळा करायचा, पण त्याचा जुना पत्ता वापरतच राहायचा. घर सोडलेल्या भाडेकरूकडे किल्ली राहावी तसं. हल्लेखोर त्या मोकळ्या जागी आपला डेटा बसवतो आणि प्लेअरकरवी स्वतःचा कोड चालवून घेतो. जुलै २०१५ मध्ये हॅकिंग टीम या पाळत ठेवायची सॉफ्टवेअर विकणाऱ्या इटालियन कंपनीची कागदपत्रं फुटली, त्यात असाच एक दोष निघाला. दुरुस्ती येण्याआधीच तो हल्ल्यांत वापरला गेला. २०१८ च्या सुरुवातीला तर एक्सेलच्या फाइलीत दडवलेल्या फ्लॅशमधून हल्ले झाले. म्हणजे ब्राउझर उघडलाच नाही तरी सुटका नाही!

कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रामच्या यादीत फ्लॅश दिसला तर अनइन्स्टॉल करा. मुलांचे जुने गेम किंवा शैक्षणिक सीडी चालवायच्या असतील तर ‘रफल’ हा मोफत पर्याय आहे; सगळंच त्यावर चालेल असं नाही.

“फ्लॅश अपडेट करा” अशी खिडकी उघडली तर ती सरळ बंद करा. खरं अपडेट आता येतच नाही.

— तांत्रिक समिती