अमावास्येचं चित्रण : आंजर्ले किनारा

सभासदहो, येत्या अमावास्येला पहाटे साडेपाचला आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर जमायचं आहे. अमावास्येची भरती बाराच्या सुमारास, म्हणजे सहाला ओहोटीनं पाणी पार आत गेलेलं असेल.

कॅमेरा एकदा लावला की वीस मिनिटं हलवायचा नाही. झूम नाही, बोलणं नाही. ओल्या वाळूत ट्रायपॉड खचतो. त्याच्या पायांखाली ठेवायला नारळाची तीन सोडणं (वरची जाड सालं) आणा. मागच्या खेपेला मी एकाच इवल्याशा कुर्लीकडे बघत बसलो. वाळू तोंडाशी धरायची, चाळायची, गोळी करून मागे टाकायची. बिळाभोवती गोळ्यांची रांगोळीच झाली! मन कधी निवलं, कळलंही नाही.

चित्रणासोबत बासरीवर अहिर भैरव रागाची नुसती आलापी असेल, तबला नाही. लाटांचा आवाज कृपया बंद करू नका, तोच आपला तानपुरा.

ड्रोन आणू नये, पाखरं बिचकतात.

– संयोजक