जोडी म्हणून पाठवलेले विजोड शॉकअप

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी यांस,

विषय: येझदी रोडकिंगच्या मागच्या शॉकअपची सदोष जोडी परत घेऊन पैसे परत करण्याबाबत

महोदय,

तुमच्या वेबसाइटवरून मी माझ्या जुन्या येझदी रोडकिंग मोटारसायकलसाठी मागच्या शॉकअपची (धक्के शोषणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरची) जोडी २,८५० रुपये आगाऊ भरून मागवली. त्यातला उजवा सदोष निघाला. एवढ्यावर हे प्रकरण फोनवरच मिटले असते. पण तुमच्या ग्राहक सेवेने जे उत्तर पाठवले आहे, ते वाचून लेखी तक्रार करणे भाग पडले.

जुने शॉकअप बदलणे टाळण्यासारखे नव्हते. गोव्याचा पाऊस आणि खारी हवा लागून शॉकअपच्या दांड्याच्या क्रोमला गंजाचे बारीक खड्डे पडतात, ते तेल अडवणारे ऑइल सील कापतात आणि स्प्रिंगची उसळी आवरणारे तेल हळूहळू गळून जाते. मग उरते नुसती स्प्रिंग. डिचोली ते साखळी एवढ्या अंतरातसुद्धा रंबलर (रस्त्यावरचे छोटे पट्टे-उंचवटे) संपले तरी गाडी मागून नाचत राहायची. मागे बायको बसलेली असताना चोर्ला घाट उतरायचा तर हे चालण्यासारखे नाही.

नवी जोडी आली ती दिसायला चकचकीत. दोन्हींवर एकच स्टिकर, लांबी सारखी, बुश (बोल्टभोवतीची कडी) बोल्टवर नीट बसले. तरीही बसवल्यानंतर वळणावर मागचे चाक डुलू लागले. मेकॅनिकने गाडी गॅरेजात घेऊन उजव्या शॉकअपचा खालचा बोल्ट काढला आणि सीट जोराने दाबून सोडली. फक्त डाव्यावर असलेली गाडी सावकाश वर आली आणि थांबली. मग डावा सोडवून उजवा जोडला आणि तसेच दाबले, तर सीट खट्कन वर उसळली आणि परत खाली-वर होत राहिली. दांडा कोरडा, बाहेर तेलाचा टिपूसही नाही. म्हणजे तेल गळालेले नाही; एक तर ते आत भरलेच नसावे, नाही तर आतला व्हॉल्व्ह काम करत नाही. दोन बाजूंचे दमन (उसळी आवरण्याची ताकद) असे वेगळे असले की मागचे चाक धरणाऱ्या आर्मला पीळ बसतो, त्याचे बुश झिजतात आणि गाडी वळणात सरळ धरत नाही. शॉकअप जोडीनेच बदलतात ते यासाठीच.

आता तुमचे उत्तर. ‘एकदा बसवलेला माल परत घेतला जात नाही.’ शॉकअपवर गाडीचे वजन आल्याशिवाय त्याचा दोष कळायचा कसा? बसवल्यावर सहा महिन्यांची वॉरंटी तुम्हीच छापली आहे. बसवताच ती संपत असेल तर ती नेमकी कोणाला मिळते? दुसरे, तुम्ही ‘अधिकृत सर्व्हिस सेंटरचे प्रमाणपत्र’ मागता. रोडकिंग बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. येझदी नावाच्या गाड्या २०२२ मध्ये पुन्हा आल्या खऱ्या, पण त्या निराळ्या. जुन्या गाडीचे सुटे भाग विकणाऱ्यांना हे मी सांगावे, याचेच नवल वाटते. तिसरे, ‘गोव्यातील रस्त्यांमुळे झालेले नुकसान’. रस्ते वाईट आहेत, त्यावर वाद नाही. पण त्याच रस्त्यावर, त्याच गाडीला लावलेला डावा शॉकअप ठणठणीत आहे.

फक्त उजवा बदलून देण्याचा तुमचा प्रस्ताव मला मान्य नाही. दुसऱ्या लॉटमधला एक पाठवलात तर जोडी पुन्हा विजोडच राहण्याची शक्यता. दोन्ही शॉकअप तुमच्या खर्चाने घेऊन जावेत, आणि २,८५० रुपये अधिक बसवण्या-काढण्याची मजुरी ४०० रुपये माझ्या खात्यात जमा करावी.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहतो तिथेच दावा दाखल करता येतो, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. तेव्हा तुमचे कार्यालय दूर आहे म्हणून मी गप्प बसेन, असे समजू नये.

दोन्ही बाजूंच्या चाचणीचा व्हिडिओ, बिल, गॅरेजची पावती आणि तुमचे ईमेल सोबत जोडले आहेत. शॉकअप खोक्यात भरून ठेवले आहेत; सकाळी दहानंतर कुरिअरवाला कधीही पाठवा.

आपला,
एक ग्राहक
डिचोली, गोवा