टेलरताई, तुम्ही ठेवलेली माया

ताई,

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही, मला माहीत आहे. तुमचा मोबाइल दिवसभर कापडांच्या ढिगाखाली असतो आणि वाजला तर तुमचा मुलगा उचलतो. तोच वाचून दाखवेल बहुतेक. तुमचं नाव लिहीत नाही. नारायण पेठेतला जिन्याखालचा गाळा, एवढंच. जास्त सांगितलं तर रांग लागेल आणि माझे ब्लाउज वेळेवर मिळायचे नाहीत. तसेही ते मिळत नाहीतच.

परवा कपाट आवरताना तो फिका निळा गाऊन हाताला लागला. आतून दोन खिसे, बाहेरून पत्ता लागत नाही. घडी घालून परत ठेवला आणि पलंगावर बसून रडले. ऑपरेशन होऊन सहा महिने झाले. तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते. म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती ऑपरेशनच्या आठ दिवस आधी. कॅन्सरमुळे डावा स्तन काढायचा आणि त्याच वेळी आत सिलिकॉनचं इम्प्लांट, म्हणजे स्तनाचा आकार परत देणारी पिशवी, बसवायचं, असं ठरलं होतं. पुढून उघडणारे कपडे आणा, असं कागदावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. तुळशीबागेत हिंडून बिनतारेची, पुढे हुक असलेली ब्रा मिळवली. गाऊन शिवायला मात्र एका मोठ्या नावाच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने कारण विचारलं, मी हळू आवाजात सांगितलं. त्याने तिथूनच माळ्यावरच्या कारागिराला हाक मारली, "अरे, ते ऑपरेशनवाल्या बायकांना एका बाजूला पॅडिंग घालतो, तसं काही करायचंय का?" दुकानात पाच बायका होत्या. दोघी माझ्या छातीकडे बघत होत्या आणि तिघी मुद्दाम बघत नव्हत्या. कापड उचललं आणि बाहेर आले.

तुम्ही कारण विचारलंच नाही. मी "हॉस्पिटलसाठी" म्हटलं तर मशीन न थांबवता म्हणालात, "नळ्या किती असणारेत?" मला माहीतच नव्हतं. "विचारून या. एक असली तर एक खिसा, दोन असल्या तर दोन. आमच्या जाऊबाईंना दोन होत्या." तोपर्यंत मला आजाराबद्दल तासन्‌तास सांगणारे खूप भेटले होते. नळ्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न पहिल्यांदा तुम्हाला पडला.

पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या त्या आठवड्यात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तर खरंच दोन नळ्या. प्रत्येकीच्या टोकाला दाबून हवा काढलेला प्लॅस्टिकचा फुगा, तो आतलं रक्तपाणी ओढून घेतो. रोज सकाळी ओतून मोजायचं आणि वहीत लिहायचं. माझ्या वहीत पहिला आकडा ११० मिली आहे, मग ८०, मग ५५. चोवीस तासांत ३० च्या खाली येऊन तिथेच राहिला तेव्हा, दहाव्या दिवशी, नळ्या निघाल्या. तोवर वॉर्डातल्या बाकीच्या बायका फुगे सेफ्टी पिनने गाऊनला टाचून किंवा कॅरीबॅगमध्ये घालून हिंडत होत्या. मी मात्र दोन्ही हात मोकळे सोडून व्हरांड्यात फेऱ्या मारायचे. भेटायला आलेल्यांना काही दिसत नसे. एका बाईंनी माझ्या यजमानांना विचारलं, "ह्यांचं कसलं ऑपरेशन?" तो प्रश्न मला एखाद्या बक्षिसासारखा वाटला.

घरी आल्यावर काय काय होतं, ते कुणी नीट सांगत नाही. त्या कागदावर 'जड उचलू नये, श्रमाची कामे टाळावीत, चार ते सहा आठवडे' असं होतं. आता जड म्हणजे काय? पाच लिटरचा भरलेला कुकर जड असतो. ओली चादर पिळणं, कणीक तिंबणं, घट्ट बसलेलं लोणच्याच्या बरणीचं झाकण, हे सगळं छातीच्या स्नायूवर येतं. माझं इम्प्लांट त्या स्नायूच्या खाली आहे, त्यामुळे हे मला एक-एक करून कळलं. पलंगावरून उठताना आपण कोपराने रेटा देतो हे चाळीस वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. तीन उश्या लावून अर्धवट बसून, उताणं झोपायचं, आणि मी जन्माची कुशीवर झोपणारी. छातीवर पितळी परात उलटी बांधलीय असं वाटायचं. मध्येच काखेपासून करंट मारल्यासारखी कळ यायची, आणि डॉक्टर म्हणायचे, नसा जाग्या होतायत, चांगली खूण आहे. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होईना ते वेगळंच. इसबगोलाला मी या पत्रात वेगळे धन्यवाद देऊ शकते. रिक्षा तर नावच काढू नका. आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक गतिरोधक मला टाक्यांनी मोजता यायचा. गाडीत बसले तर पट्ट्याखाली टॉवेलची घडी.

हात खांद्याच्या वर न्यायला बंदी होती, तेव्हा वेणी लेक घालायची. मग परवानगी मिळाली तशी भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम सुरू केला. जिथे लेकीची उंची पेन्सिलीने मोजायचो तिथेच आता माझ्या खुणा आहेत. ताप आला, लाली पसरली किंवा एक बाजू अचानक टणक होऊन सुजली तर रात्र असली तरी फोन करा, असं बजावलेलं होतं. त्यामुळे रोज रात्री मी आरशासमोर टॉर्च घेऊन उभी. सुदैवाने तसं काही झालं नाही.

आणि बधिरपणा. त्याबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते. सगळे विचारत, दुखतंय का? दुखणं सांगता येतं. काहीच कळत नाही हे कसं सांगायचं? शॉवरचं पाणी तिथे गरम लागतंय की गार, कळत नाही. कपड्याची घडी बोचतेय का, कळत नाही. थोडं फार परत येईल, सगळं येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. यजमानांना मी हे सांगितलं नव्हतं. त्यांनी हात ठेवला तरी मला आरशात बघून कळायचं.

ऑगस्टमध्ये तुमच्याकडे आले. गौरींना साडी नेसायची होती आणि एकही ब्लाउज अंगात जाईना. डावी बाजू वर, गोल, उजवी जिथे असायची तिथे. तुम्ही मुलाला चहा आणायला पिटाळलंत, जुन्या साडीचा पडदा ओढलात, टेप छातीभोवती आणलीत आणि नेहमीसारखं विचारलंत, "घट्ट होतंय का?"

मी म्हटलं, "कळत नाही."

तुम्ही थांबलात. काय बोलाल याची मला धास्ती होती. अरेरे म्हणाल, देवाचं नाव घ्याल, कुणा वहिनीची गोष्ट सांगाल. तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत. टेप आणि माझं अंग यांच्यामध्ये आपली दोन बोटं घातलीत आणि म्हणालात, "मला कळतंय ना. माझ्या बोटांना आवळलं की सैल करते." मग माप वहीत लिहून पुढच्या मापाला लागलात. मुंढा, बाही, मागचा गळा.

ताई, माझ्या मावससासूबाई म्हणाल्या होत्या, "कॅन्सर गेला ना, मग आता हे कशाला? या वयात कोण बघतंय?" इन्शुरन्सच्या माणसाने फोनवर तीनदा 'कॉस्मेटिक' म्हटलं. पहिल्यांदा ज्या डॉक्टरकडे गेले होते ते माझ्या यजमानांकडे बघून माझ्याबद्दल बोलत होते. ही सगळी शिकलेली, गोड बोलणारी माणसं. आणि तुमच्या दारावर पाटी आहे: 'उद्या या म्हटल्यास परवा यावे'. माणुसकी म्हणजे गोड बोलणं, असं आपण उगीच समजतो. समोरच्याला जे जमत नाहीये तेवढंच, गाजावाजा न करता, आपल्या हाताने करायचं, हे फार थोड्यांना येतं. वॉर्डातल्या एका मावशींना येत होतं. मी न सांगता त्या पाण्याचा तांब्या उजव्या हाताला ठेवायच्या. आणि तुम्हाला.

त्या दिवशी तुम्ही अजून एक म्हणालात. "पक्कं शिवत नाही आत्ता. डावीकडे दीड इंच माया ठेवते. ते अजून खाली बसेल, सूज उतरेल. दिवाळीला बघू." डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, की आकार स्थिरावायला तीन महिने, कधी जास्तही लागतात आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत. पण शिवणीच्या आत सोडलेल्या कापडाला माया म्हणतात हे लहानपणापासून माहीत असूनही तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं म्हणे. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून हे चाललंय, आणि ब्लाउजचं काय करायचं हे अजून कुठल्या कागदावर आलेलं नाही.

माझ्या पर्समध्ये आता दोन कार्डं असतात. एक इम्प्लांटचं, त्यावर नंबर आणि सीसीमधलं माप. दुसरं तुमच्या गाळ्याची पावती, इंचातलं माप. इम्प्लांट जन्मभर टिकतंच असं नाही. काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करून बघा आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, असा अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याचा, सल्ला आहे. तेव्हा मापं बदलत राहतील आणि मी येत राहीन. तुम्ही मशीन मुलाच्या ताब्यात द्यायचा विचार करताय असं कानावर आलंय, तो जरा लांबवा.

दिवाळीला तुम्ही ब्लाउज उसवून पाऊण इंच आत घेतलात आणि पैसे घेतले नाहीत. ते या पिशवीतल्या पाकिटात आहेत. परत पाठवलेत तर भांडण होईल. हल्ली थंडीत सकाळी डावी बाजू हाताला गार लागते, बाहेरून शाल घेतली तरी, म्हणून पिशवीतल्या कापडांच्या दोन्ही ब्लाउजना जाड अस्तर लावा. हिरव्याची बाही कोपरापर्यंत. जांभळ्याचा मागचा गळा या वेळी मोठा घ्या, नाडी लावा आणि लटकनही. लेक हसतेय, हसू दे. भाच्याचं लग्न १९ तारखेला आहे, म्हणजे मला १५ ला हवेत. पाटी मी वाचलेली आहे.

तुमची,
निळ्या गाऊनवाली