‘आधी भिंत कसली ते सांगा’ : दुकानातल्या काकांना आभारपत्र

काका,
स. न. वि. वि.

घरी करायच्या १२ आठवड्यांच्या जोरकस व्यायामक्रमासाठी आमच्या बॅचला नाव घालणारी माणसं आधी तुमच्या काउंटरवर येतात. हातात सामानाची लांबलचक यादी असते. परत जाताना निम्मी यादी खोडलेली असते आणि उरलेल्या निम्मीपुढे मापं लिहिलेली असतात. त्या खोडण्याबद्दल आणि त्या मापांबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत. पत्र खुलं लिहितोय, कारण ज्यांना दुकानापर्यंत येणं जमत नाही त्यांनाही तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

पुलअप बार मागितला की तुम्ही आधी विचारता, ‘भिंत कसली आहे?’ बार किती किलो पेलतो ते खोक्यावर छापलेलं असतं, भिंतीचं कुणीच छापत नाही. दाराला अडकवायचा हुकवाला बार तर तुम्ही बहुतेकांना देतच नाही. तो बेतलाय अमेरिकेतल्या घरांसाठी. तिथे चौकटीभोवती भिंतीच्या बाहेर आलेली लाकडी पट्टी असते आणि बारचा मागचा दांडा त्या पट्टीच्या माथ्यावर टेकतो. आपल्याकडची चौकट बहुधा गिलाव्याच्या पातळीतच संपते, त्यामुळे दांड्याला टेकायला जागाच नसते. चौकटीत फिरवून घट्ट करायचा बार नुसत्या घर्षणावर उभा असतो. सागवानी चौकटीत, दोन्ही बाजूंच्या वाट्या स्क्रूने पक्क्या केल्या तर तो चालतो. ग्रॅनाइटच्या किंवा लॅमिनेट लावलेल्या चौकटीत रबर सरकतं, पावसाळ्यात ओलसर हवेत तर आणखीच. आणि हा बार सरकतो तो माणूस लटकलेला असतानाच.

भिंत ओळखायची तुमची रीत आता आमच्या सगळ्या मुलांना पाठ झाली आहे. ड्रिलला ६ मिमीचा बिट लावून एक छोटं भोक पाडायचं आणि भुकटी बघायची. पहिले दीड-दोन सेंटीमीटर गिलावा असतो, त्याची भुकटी सगळीकडे सारखीच, म्हणून तिच्यावरून काही ठरवायचं नाही. त्यापुढे लाल भुकटी आली तर वीट. पांढरी, पिठासारखी आली आणि बिट लोण्यात शिरावा तसा गेला तर सिपोरेक्स, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक. राखाडी आली आणि हॅमर चालू असूनही बिट जेमतेम सरकत असेल तर काँक्रीट. इथे फसवते ती राखेची वीट. तिची भुकटीही राखाडीच असते, पण बिट सहज आत जातो. म्हणून रंग आणि हाताला लागणारा जोर दोन्ही बघायचे. बार लावायचा तो फक्त आरसीसीच्या बीमवर किंवा कॉलमवर.

हा हट्ट का, ते तुम्ही एका पुठ्ठ्यावर आकडे मांडून दाखवलं होतंत. ते आम्ही तसंच्या तसं शिकवतो. बार भिंतीपासून ६० सेंमी पुढे, वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये ३० सेंमी अंतर, लटकणारा माणूस ७५ किलोचा. म्हणजे वरच्या बोल्टांना भिंतीतून बाहेर खेचणारा जोर ७५ गुणिले ६०, भागिले ३०, बरोबर १५० किलो. हा स्थिर लटकल्यावरचा हिशेब झाला. झटका देऊन वर जाणाऱ्याचा किंवा उडी मारून बार पकडणाऱ्याचा जोर याच्या दुप्पट सहज होतो. सिपोरेक्समध्ये ठोकलेला साधा अँकर, म्हणजे भोकात फुगून धरणारा बोल्ट, असा ताण रोज घेऊ शकत नाही. भोक मोठं होत जातं आणि भिंतीवर आधी गिलाव्याची बारीक गोल चीर दिसते. ती चीर दिसली की त्या दिवसापासून बार बंद. बार ६० सेंमीपेक्षा भिंतीजवळ आणला तर ताण कमी होतो खरा, पण मग वर जाताना गुडघे भिंतीला लागतात. त्यापेक्षा ब्रॅकेट उंच घ्या, दोन बोल्टांमधलं अंतर ४५ सेंमी करा, की तोच ताण १०० किलोवर येतो, हे तुम्हीच सुचवलंत.

तुम्ही पाठवता त्या फिटरदादांचेही आभार. भोक पाडून झाल्यावर ते आधी ब्रश फिरवतात, फुंकणीने भुकटी काढतात आणि मगच अँकर आत घालतात. भुकटी आत राहिली तर अँकरची बाही काँक्रीटला धरत नाही, भुकटीलाच धरते आणि पाना फिरवताना सगळा अँकर गोल गोल फिरतो. बिट मध्येच थबकला आणि आवाज किरकिरा झाला तर खाली सळई आहे हे ओळखून ते भोकाची जागा बदलतात. सळई कापून पुढे जात नाहीत. बार आणि छत यांत ४५ सेंमी तरी मोकळे ठेवतात, म्हणजे हनुवटी बारच्या वर गेल्यावर डोकं छताला लागत नाही. आणि घरात सिपोरेक्सशिवाय काही नसेल तर स्वच्छ ‘नाही’ म्हणून परत येतात. अशा घरांना तुम्ही चार बाय चार फुटांचा उभा स्टँड सुचवता. तेवढी जागा नसेल तर डंबेल्सचं रोइंग (वाकून वजन कमरेकडे ओढणं) आणि रबरी पट्टे. पाठीचं काम त्यावर पुष्कळ होतं.

तुमचा दुसरा प्रश्न पंख्याचा. पाच फूट सात इंचाच्या माणसाचा वर केलेला हात सुमारे ७ फुटांवर पोचतो आणि बर्पीच्या, म्हणजे खाली आडवं होऊन पुन्हा उठायच्या व्यायामाच्या, शेवटी मारलेली उडी त्यात आणखी जवळपास एक फूट घालते. पंख्याची पाती बहुतेक घरांत ८ फुटांच्या आसपास फिरत असतात. खोलीच्या मधोमध चटई घालणारी माणसं नेमकी पंख्याखाली उभी राहतात, कारण वारा तिथेच लागतो. चटई पंख्याच्या कडेपासून दोन फूट बाजूला टाका, वारा आडव्या टेबलफॅनचा घ्या, हे तुम्ही डंबेल्सच्या बिलामागे लिहून देता.

डंबेल्सच्या बाबतीत तुमचा सल्ला पैसे वाचवणारा आणि हिशेबी. ठरावीक वजनाच्या जोड्या घेत बसण्यापेक्षा चाटे (प्लेट्स आवळून धरणारे फिरकीचे नट) असलेले दोन दांडे आणि सुट्या प्लेट्स. दांडा १४ इंची, चाट्यासकट साधारण २ किलोचा. प्लेट्स ५, २.५ आणि १.२५ किलोच्या, प्रत्येकी चार. एवढ्यात दोन्ही हातांना ४.५, ७, ९.५, १२, १४.५, १७ आणि १९.५ किलो अशी शिडी मिळते. एकूण ३५ किलोच्या प्लेट्स, बस. यातल्या १.२५ च्या चार प्लेट्स गिऱ्हाईक हमखास गाळतं, ‘एवढ्याशा काय करायच्या’ म्हणून, आणि तुम्ही त्या हमखास परत टोपलीत टाकता. त्या नसतील तर ७ नंतर एकदम १२ किलो. खांद्याच्या व्यायामात एवढी उडी कुणालाच झेपत नाही. मग माणूस कमरेतून झोका देऊन वजन वर नेतो आणि तक्रार येते ती कमरेची.

प्लेट प्लॅस्टिकची, आत सिमेंट भरलेली घ्यायची की लोखंडी? सिमेंटची स्वस्त पडते, पण त्याच वजनाला जाड असते. दांड्याचे आटे अपुरे पडतात आणि चाटा शेवटच्या दोन-तीन आट्यांवर लटकतो. शिवण फुटली की भुगा गळतो आणि वजन घटतं. शक्य असेल त्याने लोखंडी किंवा रबर चढवलेली घ्यावी हेच खरं. दांडा २५ मिमीचा आणि प्लेटचं भोक ३० मिमीचं असेल तर प्लेट खुळखुळते आणि प्रत्येक खुळखुळीला चाटा जरासा सैल होतो. चाट्याच्या आतली रबरी चकती हरवली की हे दुप्पट वेगाने होतं. तुम्ही आठ आठ चकत्या न मागता पाकिटात घालून देता. दर सेटनंतर चाटा आवळायचा हा नियम आम्ही त्या चकत्यांबरोबरच देतो.

जमिनीबद्दल थोडक्यात. व्हिट्रिफाइड टाइलवर घामाचे चार थेंब पडले की पाय सटकतो. योगासनांची ६ मिमीची चटई उडीसोबत सरकते. पंधरा मिमीची गुबगुबीत चटई सरकली नाही तरी तिच्यात घोटा डळमळतो. ८ ते १० मिमीचं घट्ट रबर, सहा बाय चार फुटांचं, हे तुमचं उत्तर आम्हाला पटलेलं आहे. खालच्या मजल्यावर जाणारा आवाजही त्याने कमी होतो. बूट सपाट तळव्याचे हवेत. पळण्याच्या बुटांची उंच मऊ टाच बाजूला मारायच्या उड्यांत पाय मुरडवते.

रबरी पट्ट्यांची तर तुम्ही काळजीच घ्यायला शिकवलीत. पट्टा बाल्कनीत उन्हात वाळत घालायचा नाही. अंगाला तेल चोळून हातात घ्यायचा नाही, कारण तेलाने लॅटेक्स मऊ पडून फाटतं. वापरण्याआधी ताणून कडेला बारीक चिरा आहेत का बघायच्या, एक जरी दिसली तरी टाकून द्यायचा. दारात अडकवताना ओढ अशा बाजूला घ्यायची की दार आणखी घट्ट बंद होईल. उलट्या बाजूने ओढलं आणि कडी निसटली तर दार अंगावर येतं. पुलअपला आधार म्हणून आधी ४५ मिमी रुंदीचा, मग ३२ चा, मग २२ चा. हा क्रम तुम्ही काउंटरच्या काचेखाली लावून ठेवलाय, फार बरं केलंत.

सगळ्यांत मोठे आभार मात्र ज्याचं बिल होत नाही अशा गोष्टीचे. सामान हातात ठेवताना तुम्ही म्हणता, ‘कार्यक्रम चार आठवड्यांनी सुरू करा.’ आठवड्याचे सहा दिवस, रोज तासभर, त्यात उड्या: हे सोमवारी ठरवून मंगळवारी सुरू करणारे बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात नडगी, टाचेमागची शीर किंवा गुडघ्याची वाटी धरून बसतात. दम आणि स्नायू लवकर सुधारतात, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या सावकाश. दम वाढला म्हणून माणूस जास्त उड्या मारतो आणि दोरी अजून जुन्याच ताकदीची असते.

या चार आठवड्यांचा आम्ही बसवलेला क्रम तुमच्याच बोलण्यातून निघाला. आठवड्यातून चार दिवस, ३५ मिनिटं. टाचा जमिनीवर टेकवून बैठका, १२ च्या तीन फेऱ्या. तालमीतल्या बैठकीत टाच उचलली जाते, ती वेगळी, इथे टाच खालीच हवी. टेबलाच्या कडेवर हात ठेवून पुशअप, १० च्या तीन फेऱ्या, आणि दर आठवड्याला आधार थोडा खाली: टेबल, मग खुर्ची, मग पायरी, मग जमीन. बारला नुसतं लटकणं, १५ सेकंदांपासून ३० पर्यंत. पायरीच्या कडेवर एका पायाने टाच उचलणं, १० पासून २५ पर्यंत. पहिले दोन आठवडे उडी नाहीच. तिसऱ्यात एका पायरीवरून खाली येऊन दोन्ही पायांवर बिनआवाज थांबायचं. गुडघे आत पडत असतील किंवा धप्प आवाज येत असेल तर उंची कमी. उतरणं जमल्यावरच उडी.

एका बाबतीत तुम्ही आमच्याही पुढे होतात. बारवरून पाच सेकंद घेत सावकाश खाली येण्याचा व्यायाम नवख्याने पहिल्याच दिवशी पन्नास वेळा करू नये, तीनच्या तीन फेऱ्या पुरेत, हे तुम्ही प्रत्येकाला बजावता. ताणलेल्या स्नायूवर भार घेत खाली येण्याने सगळ्यांत जास्त मोडतोड होते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि मग ओसरतं, ते ठीक. पण दंड सुजून कोपर सरळ होत नसेल आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली असेल, तर तो नेहमीचा अंगदुखीचा प्रकार नाही. स्नायू विरघळून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडावर आलेलं असतं. त्याच दिवशी इस्पितळ. तसंच छातीत दडपण, चक्कर, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी चालू असणं, यांपैकी काहीही असेल तर तुम्ही आधी डॉक्टरांकडे पाठवता आणि विक्री नंतर करता.

चौथ्या आठवड्याअखेर आमची चाचणी अशी: ३० सेकंद लटकणं, जमिनीवर १० नेटके पुशअप, ४५ सेकंद प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर अंग सरळ धरणं), प्रत्येक पायावर २५ टाचा, आणि भिंतीपासून १० सेंमीवर पायाचं बोट ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकणं. एक जरी राहिलं तर अजून दोन आठवडे. खाण्याचं वेगळं सांगत नाही. डाळ, अंडी, पनीर, सोयाबीन आणि रात्रीची झोप, एवढं घरोघरी जमतं.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात या वेळी चिठ्ठी असेल: भिंतीच्या भुकटीचा रंग, बीमची जमिनीपासून उंची, पंख्याच्या पात्यांची उंची, मोकळ्या जागेची लांबी-रुंदी आणि स्वतःचं वजन. तुमचा विचारण्यातला वेळ तेवढा वाचेल. रबरी चकत्या मात्र आता विकत द्या, पाकिटामागे पैसे लावा, ही आमची विनंती.

आपले स्नेहांकित,
सकाळच्या बॅचचे सर्व प्रशिक्षक